मोळी, आंघोळ आणि नानांचं तात्पर्य

शाळेची पुस्तकं बदलणार, आणि परिसर अभ्यासाच्या तासाला गोष्टीही वाचायला हव्यात असं जयाताई म्हणाल्यावर नाना तापणार, हे ठरलेलंच होतं.

"परिसर अभ्यासात गोष्टी कशाला? पुरंदरचा तह, 1665, तेवीस किल्ले. पाठ झालं, विषय संपला!"

"किल्ले पाठ झाले," जयाताई म्हणाली. "पण किल्ला गेल्यावर खालच्या गावातल्या माणसांचं काय झालं, हे सनावळीत कुठे असतं? तो प्रश्न चौथीच्या पोराला पडायला गोष्टच लागते."

जयाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नाना बँकेतून निवृत्त. शिक्षणावर त्यांचं मत ठाम, वर्गात पाऊल मात्र शून्य.

"म्हणजे मराठीच्या तासाचंच पुन्हा?" दिगूने विचारलं.

"घोळ तिथेच होतो. गोष्ट वाचायची, शेवटी 'काय बोध घ्याल' विचारायचं, की तास वाया. 'श्यामची आई' घे. म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी पडते, तिला एकटीला उचलवत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी दे तिच्या डोक्यावर आणि घरी येऊन आंघोळ कर."

"संस्कार!" नानांनी मांडीवर थाप मारली. "हेच तात्पर्य!"

"आंघोळ का, नाना?"

नाना कपात बघत राहिले.

"पोरंही हेच विचारतात. आई मायाळू आहे आणि विटाळही मानते, दोन्ही एकाच वाक्यात. तुमच्या तात्पर्यात मोळी येते, आंघोळ गळते. आणि समाज कळतो तो आंघोळीतून."

मग तिने तास कसा घ्यायचा ते सांगितलं, ते महत्त्वाचं. तासिका 35 मिनिटांची. पहिली पाच मिनिटं नकाशा: श्यामचं गाव पालगड, दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी. मग शिक्षकाने स्वतः मोठ्याने वाचायचं, दोन पानांच्या वर नाही. लांबलं की मागची रांग सुटते. आईच्या उत्तराआधी थांबायचं आणि प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्यायचं, 'आई काय सांगेल?' उरलेल्या वेळात फळ्यावर चार रकाने: गोष्टीत काय दिसलं, कशावरून कळलं, आज आपल्या गावात कसं आहे, कोणाला विचारायचं. दुसरा रकाना गाळायचा नाही, तो गाळला की नुसत्या गप्पा.

"आणि दोन पेन्सिली. लेखकाने रचलेलं वाटेल ते लाल, बाहेर पुराव्याने तपासता येईल ते निळं. नाहीतर पोरं पात्रांचे संवाद इतिहास म्हणून पेपरात लिहितात. शिवकाळावरच्या गोष्टींत तर हमखास."

दुसऱ्या तासाला निळं तपासायचं: अस्पृश्यता नष्ट करणारं राज्यघटनेचं कलम 17, आणि ज्यांनी ते पान लिहिलं त्याच साने गुरुजींचं मे 1947 मधलं पंढरपूरचं उपोषण, विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून.

"वर्गात त्या समाजाचं मूल असलं तर?" दिगू हळू आवाजात म्हणाला.

"त्याला उभं करून 'तुमच्याकडे काय व्हायचं' हे कधीच विचारायचं नाही. घरचा अभ्यास सगळ्यांना एकच: आजीच्या लहानपणी गावात विहिरी किती होत्या, कुठलं पाणी कोण भरायचं. जात विचारायची नाही, विहीर विचारायची. उत्तरं गावाच्या नकाशावर मांडली की पोरांना आपोआप दिसतं. आणि एका पुस्तकावर थांबायचं नाही. एवढंच वाचलं तर पोरं म्हणतात, श्याम चांगला. ते पान त्या बाईच्या डोळ्यांनी लिहिलेलं नाही. दलित आत्मकथनातला पाणी भरण्याचा एखादा परिच्छेद शिक्षकाने निवडून शेजारी ठेवायलाच हवा."

हे खरंच आहे. वाचनपेटीत पुस्तकं असतात, पण परिसर अभ्यासाच्या तासाला ती पेटी उघडतंय कोण?

"एवढं करायचं तर पोर्शन कधी संपायचा?" नाना पुन्हा उसळले.

"घटकाला एक गोष्ट, दोन तासिका. बाकी पाठ्यपुस्तक आहेच. तुमचे तेवीस किल्लेही आहेत."

"आमच्या वेळी वाचनाने संस्कार—"

"नाना," दिगू मध्येच म्हणाला, "आधी माझे 'किशोर'चे दिवाळी अंक परत द्या. मग संस्कार."

"ते मी केव्हाच दिले! तूच पावसात भिजवलेस!"

"जयाताई, हे कुठल्या पेन्सिलीने?"

"लाल," ती म्हणाली, आणि नानांसकट सगळे असे हसले की पोर्शन तिथेच राहिला.