काका नावाची फांदी

आमच्या टीममध्ये दोन पंथ आहेत: यादीवाले आणि फांदीवाले. मी जन्मजात यादीवाला. आई वाणसामानाच्या यादीवर आधी 'श्री' लिहायची. मी एक्सेलच्या पहिल्या ओळीत 'प्रोजेक्ट सुरू करणे' लिहितो आणि लगेच टिक मारतो. झालेलं काम यादीत घुसवून टिक मारण्यात जे सुख आहे, ते काम करण्यात नाही.

या वेळी एका सोसायटीचं मेंटेनन्स भरायचं ॲप होतं. यादी 61 ओळींची झाली. पेमेंट बाराव्या ओळीत, बिल तयार करणं अठ्ठेचाळिसाव्या.

"बिलाशिवाय पैसे कशाचे घेणार रे?" मॅनेजर बाईंनी विचारलं.

बाई कट्टर फांदीवाल्या. टोनी बुझान नावाच्या इंग्रज गृहस्थांनी 1974 मध्ये बीबीसीवरून माइंड मॅपचा प्रसार केला, तो बाईंपर्यंत नीट पोचला आहे. कागद आडवा, मधोमध चित्र, रंगीत वळणदार फांद्या आणि एका फांदीवर एकच शब्द. दोन तास आम्ही पांढऱ्या फळ्यावर स्केचपेनांनी खेळलो. यादी करताना इतकी मजा कधीच आली नव्हती, हे मी तिथे कबूल केलं नाही.

रात्री घरी तो नकाशा लॅपटॉपवर उतरवत होतो. आई चष्मा लावून वाकली.

"वंशावळ कुणाची?"

"ॲपची."

"मूळपुरुष कोण?"

"पेमेंट."

"मुलंबाळं भरपूर दिसतायत."

दिसायचीच. 'लॉगिन'च्या पोटी 'ओटीपी', ओटीपीच्या पोटी 'रेंज', रेंजच्या पोटी 'लिफ्ट'. सगळं घराणं नांदत होतं. कोणतं काम कोण करणार आणि कधी, एवढंच कुठे नव्हतं. शेवटी नकाशावरून पुन्हा यादी करायचं ठरलं. ते अर्थात माझ्याकडे आलं.

'पेमेंट'मधून एक जांभळी फांदी निघाली होती. तिच्यावर शब्द एकच: 'काका'. कुणाचे काका, कुणालाच आठवेना. अक्षर कुणाचं यावर अर्धा तास गेला. टेस्टिंगवाला म्हणाला, बहुतेक 'कार्ड' लिहायचं असेल, कार्ड तर आहेच. मी फांदी छाटली.

ॲप सुरू झालं त्या रविवारी आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक द्यायला गेलो. क्यूआर कोड, ओटीपी, पावती, सगळं चाललं. लिफ्टमध्येसुद्धा. मग पहिल्या रांगेतले खजिनदार उठले. हॉल म्हणाला, "बोला काका."

काकांनी खिशातून चेक काढला. चार घड्यांचा. "हा यात कुठे टाकायचा?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेस्टिंगवाल्याकडे. तो खाली गेला आणि वॉचमनकडून बुटांचं रिकामं खोकं घेऊन आला. झाकणाला ब्लेडने चीर पाडली, वर स्केचपेनने 'चेक' लिहिलं. जांभळ्याच.

मी तिथेच मोबाइलवर यादी उघडली. ओळ 62: 'चेकपेटी बसवणे'.

आणि टिक मारली.