नोकरी सोडायची आणि खायचं काय?

‘नोकरी सोडल्याशिवाय गंभीर लेखन होत नाही’ हे नोकरी आणि लेखनाबद्दलच्या एका लेखातलं वाक्य वाचलं, अजिबात पटलं नाही. कवी नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, नंतर शिक्षक झाले. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मराठीत निव्वळ लेखनावर घर चालवणारे बोटांवर मोजण्याइतकेच. दिवाळी अंकात कथा आली तर जे मानधन मिळतं (मिळालं तर!) त्यात महिन्याचा किराणाही भरत नाही. माझी तर एकदा नुसता अंक पाठवून बोळवण झाली होती.

मी औषधाच्या दुकानात काउंटरला असतो. संवाद लिहायला शिकलो ते तिथेच. परवा एक आजी बीपीच्या गोळ्यांची अख्खी स्ट्रिप नको, चारच कापून दे म्हणाल्या. वर हळूच, ‘पोरगा आला तर सांगू नकोस हं, तो म्हणतो पैसे देतो, आणि विसरतो.’ घरी टेबलाशी बसून हे वाक्य मला जन्मात सुचलं नसतं. जुन्या बिलाच्या मागे लगेच लिहून ठेवलं.

लेखात राहून गेलं ते थकव्याचं. वेळ काढता येतो हो, पण रात्री दहाला शटर ओढल्यावर पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि वही उघडली की डोळे मिटतात. म्हणून मी पहाटे लिहितो, पाणी यायच्या आधी. नळाला पाणी आलं की संपलं.