मायलेज मोजता, धूर कोण मोजणार?

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून २०२५ मध्ये आपल्याकडे जे रण पेटलं, ते जर्मनीत बसून वाचताना माझा नुसता चडफडाट झाला. मायलेज किती पडलं, रबरी नळ्या टिकतील का, वॉरंटीचं काय! आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरही तेच. सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं, हे एकानेही विचारलं नाही.

इथेनॉल अर्धवट जळलं की ॲसिटाल्डिहाइड हे अल्डिहाइड गटातलं घातक रसायन तयार होतं. बीएस-६ या आपल्या धूर-नियमांच्या मर्यादांत ते नाही. पीयूसीत तर पेट्रोल गाडीचे जागेवर उभ्या उभ्या कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तेवढे बघतात. ब्राझीलने इथेनॉल आपल्या कितीतरी आधी स्वीकारलं आणि अल्डिहाइडवर नव्वदच्या दशकातच मर्यादाही घातली. आपण इथेनॉल घेतलं, मर्यादा राहून गेली.

मी याच मोजणीच्या कामात आहे, म्हणून जास्त लागतं. अल्डिहाइड पकडायला डीएनपीएच या अल्डिहाइड धरून ठेवणाऱ्या रसायनाचा लेप दिलेल्या छोट्या नळीतून धूर ओढायचा, नळी द्रावकाने धुवायची, मग क्रोमॅटोग्राफ या यंत्रात घटक वेगळे करून मोजायचे. अमोनिया त्याहून हट्टी. नमुन्याची नळी नीट तापवलेली नसेल तर आत पाणी धरतं, अमोनिया त्यात विरघळतो आणि पडद्यावर गाडी स्वच्छ दिसते. हा अमोनिया पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्येच, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागातच, तयार होतो आणि पुढे हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात.

इथे २०२३ पासून युरो-६ या युरोपीय धूर-नियमांतली डिझेल गाडी टीयूव्ही या तपासणी संस्थेकडे नेली की धुरातले सूक्ष्म कण मोजतात. आकडा जास्त आला तर प्लाकेटे, म्हणजे तपासणीत पास झाल्याचा स्टिकर, मिळत नाही. हे ग्रुपवर लिहिलं तर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तू तिथली हवा खातोस. तुला काय फरक पडतो?"

पडतो. आईचा दमा भारतातल्याच हवेत आहे. आणि इथलंही सगळं आलबेल नाही: युरो-७ या पुढच्या नियमांच्या २०२२ च्या मसुद्यात कारसाठी अमोनियाची मर्यादा होती, अंतिम नियमात ती गळाली. मी फार चिडलो, पण कुणापुढे बोलणार? इथे मला मत नाही, तिथे मतदानाच्या दिवशी मी नसतो. दोन्हीकडच्या धुराचं कळतं, पण हक्काने जाब विचारावा असं कुठेच वाटत नाही. ग्रुपवर मी इतका तावातावाने लिहितो ते त्यामुळेच.

तरी मागणी सोडणार नाही. ई-२० वर चालणाऱ्या प्रत्येक मॉडेलची अल्डिहाइडची चाचणी थंड इंजिनापासून घ्या, कारण कन्व्हर्टर तापेपर्यंतच अल्डिहाइड सर्वाधिक सुटतं. आणि तो आकडा मायलेजच्या शेजारी छापा.