28 व्या वर्षी थांबलेला लाइनबॅकर

जसप्रीत बुमराह इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोटी खेळणार, हे 2025 चा दौरा सुरू होण्याआधीच सांगितलेलं होतं. तो तीनच खेळला. भारताने एजबॅस्टन आणि ओव्हल या दोन कसोटी जिंकल्या, आणि नेमका त्या दोन्हींत तो संघात नव्हता. मोहम्मद सिराज मात्र पाचही कसोटी खेळला, 23 बळी घेतले आणि ओव्हलवर शेवटच्या सकाळी सहा धावांनी सामना खेचून आणला. मग काय, बुमराहवर तोंडसुख घ्यायला सगळे मोकळे झाले. मालिकेनंतर सुनील गावसकर जे बोलले त्याचाही सूर असाच होता: देशासाठी खेळताना दुखणीखुपणी विसरायची, सीमेवरचा जवान थंडीची तक्रार करतो का, आणि ‘वर्कलोड’ हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून जायलाच हवा.

गावसकर बोलले म्हणजे आमच्या घरात विषय संपतो. मामांचा फोन आला तो त्याच आवेशात. मामा कबड्डीवर रेल्वेत लागले, परळच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. “अगं, आम्ही गुडघ्याला हळदीचा लेप लावून, वरून फडकं बांधून उतरायचो. चढाईला नाही म्हटलेलं आठवत नाही मला. ह्याला कसली धाड भरलीय?” मामांसमोर एरवी आवाज चढवण्याची माझी प्राज्ञा नाही. या वेळी मी चढवला, आणि तो वाद अजून चालू आहे. माझं म्हणणं त्यांना फोनवर नीट सांगता आलं नाही, कारण ते सांगायला मला ज्या खेळाडूची गोष्ट सांगावी लागते त्याचा खेळ मामांनी कधी पाहिलेला नाही.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहते. शहराच्या मधोमध, बँकांच्या उंच इमारतींना खेटून अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॅरोलायना पँथर्सचं स्टेडियम आहे. या संघात 2012 ते 2019 असे आठ हंगाम ल्यूक कीकली नावाचा मधला लाइनबॅकर खेळला. पाठीवर 59 आकडा. इथे नवीन असताना ऑफिसातल्या लोकांनी मला हा खेळ शिकवला तो कीकलीकडे बोट दाखवूनच: चेंडूकडे बघू नकोस, 59 कुठे जातो ते बघ, चेंडू तिथेच येईल.

लाइनबॅकर म्हणजे बचावाची दुसरी फळी. पुढे सव्वाशे-दीडशे किलोचे गडी समोरच्यांना भिडलेले असतात, त्यांच्या चार-पाच पावलं मागे हा उभा. चेंडू घेऊन कोणी धावत घुसला तर त्याला अंगावर घेऊन पाडायचं, पास जाणार असेल तर मागे पळत जाऊन तो अडवायचा, कधी थेट क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्यावर, तुटून पडायचं. हे तिन्ही एकाच माणसाने, आणि कुठलं करायचं ते पापणी लवायच्या आत ठरवून. मधल्या लाइनबॅकरच्या हेल्मेटमध्ये बहुधा रेडिओ असतो. प्रशिक्षकाचा आदेश त्याच्या कानात येतो आणि तो बाकीच्या दहा जणांना जागा लावून देतो. कीकली त्याही पुढे जायचा. प्रतिस्पर्धी कसे उभे राहिलेत एवढं पाहून ते आता काय करणार हे तो ओरडून सांगायचा, आणि बऱ्याचदा ते तसंच घडायचं. त्यामागे तासन्‌तास पाहिलेल्या चित्रफिती होत्या. मामांना मी एवढंच म्हणाले की चढाई करणाऱ्याच्या पायाच्या ठेवणीवरून तो कुठल्या बाजूला हात मारणार हे ओळखणारा तुमचा कोपरारक्षक असतो ना, तसा हा, फक्त सहा फूट तीन इंच आणि 108 किलोंचा.

पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला, दुसऱ्या वर्षी एनएफएल या संपूर्ण लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. 2015 मध्ये पँथर्स साखळीत सोळापैकी पंधरा सामने जिंकून सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि तिथे डेन्व्हरकडून 24-10 असे हरले. आठ हंगामांत 118 सामने, 1092 टॅकल. आकडा लक्षात ठेवा. यातला प्रत्येक टॅकल म्हणजे धावत आलेल्या धिप्पाड माणसावर जाणूनबुजून घेतलेली धडक.

2015 च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या मेंदूला धक्का बसला, ज्याला इथे कन्कशन म्हणतात. तीन सामने बाहेर. पुढच्या वर्षी 17 नोव्हेंबरला, गुरुवारच्या रात्री न्यू ऑर्लिन्सविरुद्ध, पुन्हा. त्या रात्री टीव्हीवर जे दिसलं ते या शहरात कोणी विसरलेलं नाही. एका टॅकलनंतर तो उठला नाही. त्याला गाडीवर बसवून बाहेर नेलं तेव्हा तो रडत होता. वेदनेने माणूस रडतो तसं ते रडणं नव्हतं. लहान मूल हुंदके आवरता न आल्यामुळे धापा टाकतं तसा त्याचा श्वास अडकत होता, चेहऱ्यावर कसलाही ताबा नव्हता, आणि सहकारी भोवती येऊन त्याला काहीतरी सांगत होते ते त्याच्यापर्यंत पोचत असावं असं वाटत नव्हतं. एवढा बलदंड माणूस, सगळं मैदान ज्याच्या डोक्यात असायचं तो, स्वतःच्या डोक्यावरचा ताबा गमावून बसलेला. उरलेले सहाही सामने तो खेळला नाही. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा तेच.

त्यानंतरही तो दोन हंगाम उत्तम खेळला, 2019 मध्ये तर सोळाच्या सोळा सामने. आणि 14 जानेवारी 2020 ला, वयाच्या 28 व्या वर्षी, करारातली दोन वर्षं शिल्लक असताना त्याने एका छोट्या चित्रफितीतून निवृत्ती सांगितली. डोळे भरून आले होते. हा खेळ वेगाने, अंग झोकून, ताकदीनेच खेळायचा असतो, लहानपणापासून मी तसाच खेळलो, आता ते जमेल याची मला खात्री नाही, असं तो म्हणाला. खेळायची इच्छा अजून आहे हेही त्याने लपवलं नाही.

शार्लटने त्याला पळपुटा म्हटलं नाही. त्याची 59 नंबरची जर्सी घातलेली माणसं स्टेडियमबाहेर आजही भेटतात. पण अमेरिका शहाणी आणि आपण अडाणी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कीकली थांबला त्याच्या जेमतेम पाच महिने आधी इंडियानापोलिसमध्ये अँड्र्यू लक हा 29 वर्षांचा क्वार्टरबॅक दुखापतींना कंटाळून थांबतोय ही बातमी सराव सामना चालू असताना फुटली, आणि तो मैदानातून आत जाताना त्याच्याच शहराच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. कीकलीचाच जोडीदार लाइनबॅकर थॉमस डेव्हिस. त्याचा गुडघा, एकच गुडघा, तीनदा फाटला आणि तो तिन्ही वेळा परत आला. सुपर बोल तो मोडलेल्या हातात पट्टी आणि स्क्रू बसवून खेळला. त्याचंही या शहराला तितकंच कौतुक आहे. म्हणजे मामा इथे जन्मले असते तर त्यांना बोलायला भरपूर माणसं मिळाली असती.

फरक पडला तो लोकांच्या मनाच्या मोठेपणामुळे नाही. तो मेलेल्या खेळाडूंनी पाडला. सॅन डिएगोचा ज्युनियर सेआऊ हा लाइनबॅकर वीस हंगाम खेळला, दुखापत लपवून उभा राहणारा, सगळ्यांचा लाडका. 2012 च्या मे महिन्यात, 43 व्या वर्षी, त्याने स्वतःचा जीव घेतला. पुढच्या जानेवारीत कळलं की त्याच्या मेंदूत सीटीई होता, म्हणजे वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होत जाणारी झीज, जिचं खात्रीचं निदान अजूनही मृत्यूनंतरच होतं. हजारो निवृत्त खेळाडू कोर्टात गेले. 2013 मध्ये लीगने 76 कोटी 50 लाख डॉलरवर तडजोड केली, न्यायाधीशांनी ती अपुरी मानली, मग भरपाईच्या रकमेवरची मर्यादाच उठवून 2015 मध्ये तिला मंजुरी मिळाली. आणि त्या भरपाईतही काय निघालं? कृष्णवर्णीय खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी होती असं गृहीत धरून त्यांची झीज मोजली जात होती. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय. ही पद्धत बंद करायला 2021 उजाडावं लागलं. इतक्या निर्लज्ज हिशेबाचं मी समर्थन करणार नाही.

पण त्या भांडणातून एक गोष्ट पदरात पडली. सामन्याच्या वेळी मैदानालगत संघाशी संबंध नसलेला मेंदूतज्ज्ञ असतो. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर खेळाडूने ‘मी ठीक आहे’ म्हटल्याने भागत नाही, प्रशिक्षकाच्या म्हणण्यानेही नाही. या व्यवस्थेतही चुका झाल्या आहेत, गाजल्या आहेत. तरी निर्णय कोणाचा, हे कागदावर ठरलेलं आहे.

हा कागद मी जवळून पाहिला तो मुलामुळे. सातवीत गेल्यावर त्याला शाळेच्या फुटबॉल संघात नाव द्यायचं होतं. नॉर्थ कॅरोलायनात 2011 पासून ग्फेलर-वॉलर नावाचा कायदा आहे. 2008 मध्ये फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून मेलेल्या दोन शाळकरी मुलांची ती आडनावं. त्या कायद्यामुळे हंगामाआधी घरी एक पत्रक येतं. कन्कशनची लक्षणं सोप्या भाषेत: डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागणं, उगाच चिडणं किंवा रडू येणं. प्रत्येक ओळीवर एका बाजूला मुलाने आद्याक्षरं लिहायची, दुसऱ्या बाजूला पालकाने. ‘मला असं काही झालं तर मी सांगेन’ या ओळीवर माझ्या मुलाने पेन टेकवलं आणि विचारलं, “पण आई, मॅच चालू असली तर?” तो अगदी मनापासून विचारत होता. शंका आली की त्या दिवशी परत मैदानात जाता येत नाही, आणि नंतरही डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही, हे त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं. ते मी त्याला वाचून दाखवलं. त्याचे खांदे सैल झाले. सांगायचं की नाही हे धैर्य तेरा वर्षांच्या मुलाला एकट्याने आणावं लागणार नव्हतं.

आता मामांची बाजू, कारण ती माझ्या बाजूपेक्षा काही बाबतींत भक्कम आहे. कीकलीला थांबता आलं कारण 2015 मध्येच त्याने पाच वर्षांचा सहा कोटींहून अधिक डॉलरचा करार केलेला होता. लीगमधला साधा लाइनबॅकर दोन-तीन वर्षांत बाहेर फेकला जातो, करारातली बरीचशी रक्कम हमीची नसते, आणि किमान तीन हंगाम भरले तरच पुढे पाच वर्षं आरोग्य विमा मिळतो. त्यानंतर ज्याचं त्याने बघायचं. मामांना कबड्डीने एवढे पैसे कधीच दिले नाहीत. पण रेल्वेची नोकरी दिली, साठाव्या वर्षापर्यंत. पकडीत गेलेला गुडघा घेऊन ते वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसून काम करू शकले, आणि निवृत्तीनंतर तो गुडघा भायखळ्याच्या रेल्वे रुग्णालयात बदलला गेला. रेल्वे, पोलीस, बँका यांनी लालबाग-परळपासून सांगलीपर्यंतच्या किती कबड्डीपटूंची घरं उभी केली, हे अमेरिकेत कोणाला समजावून सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेलं पाच टक्के आरक्षण जपलंच पाहिजे, आणि जे लोक प्रो कबड्डीच्या लिलावातले आकडे दाखवून आता त्याची गरज काय असं विचारतात त्यांनी लिलावात नाव न पुकारलेल्या पोरांकडे बघावं.

म्हणजे खेळून झाल्यावर माणसाला सांभाळायचं आपल्याला थोडंफार जमलं. खेळत असताना थांबवायचं जमलेलं नाही. 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला, मृत्यू झाल्यास दहा लाख आणि जखमींना वेगवेगळी मदत जाहीर झाली. मदत हवीच. पण सातव्या थरावरून एकदा पडलेल्या पोराला त्याच दिवशी दुसऱ्या नाक्यावरच्या हंडीला चढू देऊ नका, असं पथकाला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? आमच्या मामांच्या काळात तो कोणालाच नव्हता. हळदीचा लेप लावून उतरायचं हे त्यांनी ठरवलं असं ते म्हणतात. मामी वेगळं सांगतात: संघात जागा गेली तर नोकरीतली बढती जाईल या धास्तीने ते रात्र रात्र जागे असायचे.

बुमराहच्या पाठीवर 2023 च्या मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याआधी 2022 चा टी-20 विश्वचषक हुकला होता. 2025 च्या जानेवारीत सिडनीला पाठ पुन्हा गेली आणि चॅम्पियन्स ट्रॉफीही गेली. या माणसाच्या तीन कसोटी वैद्यकीय पथकाने ठरवल्या की त्याने स्वतः, यावर जरूर वाद घाला, तो वाद योग्य आहे. त्याच्या देशप्रेमावर नको. सिराजच्या पाच कसोटींचं कौतुक करायला बुमराहला खाली ओढावं लागत नाही, जसं थॉमस डेव्हिसला डोक्यावर घेताना शार्लटला कीकलीचा दुस्वास करावा लागला नाही.

मामा अजून त्यांच्या मंडळाच्या स्पर्धांना पंच म्हणून जातात. मी त्यांना मुलाच्या शाळेचं ते पत्रक पाठवलं आहे, खाली मराठीत लिहून: डोक्यावर पडलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, पंचांनी सांगितलं की वाद नाही, परत यायचं तर डॉक्टरची चिठ्ठी. याला पैसा लागत नाही, सरकारी ठराव लागत नाही, मंडळाच्या नियमांत एक ओळ वाढते. मामा म्हणाले, अंतिम सामन्यात संघाचा मुख्य चढाईपटू असला तर पोरं ऐकणार नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच ती ओळ स्पर्धा सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधारांकडून सही करून घ्या. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. मंडळाची बैठक दिवाळीनंतर आहे.