लक्ष्मी रोडला मागचा दरवाजा नाही

पुणे महापालिका 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळते. लक्ष्मी रोड या शहराच्या मुख्य बाजाररस्त्याचा गरुड गणपती चौकापर्यंतचा तुकडा त्या दिवशी वाहनांना बंद असतो आणि रात्रीपर्यंत जुनाच वाद पुन्हा पेटतो. एक बाजू म्हणते, रस्ता कायमचा पायी करा, लंडनचा ऑक्सफर्ड स्ट्रीट बघा. व्यापारी म्हणतात, गाडी नाही तर गिऱ्हाईक नाही. लंडनमध्ये बसून हे वाचताना गंमत वाटते, कारण ऑक्सफर्ड स्ट्रीटवर गाड्या पूर्ण बंद ठेवून बघण्याचा ताजा प्रयोग झाला तो 21 सप्टेंबर 2025 ला, रस्त्याच्या एका तुकड्यावर, एका रविवारी. म्हणजे तेही पादचारी दिनापर्यंतच पोचले होते.

मार्बल आर्च ते टॉटनहॅम कोर्ट रोड, जेमतेम 1.9 किलोमीटर. मूळचा रोमन रस्ता. 1783 पर्यंत फाशीचे कैदी याच वाटेने टायबर्नला, म्हणजे फाशीच्या जागेवर, नेत आणि बघ्यांची झुंबड उडे. गर्दीची सवय तेव्हापासूनची म्हणायची. 1864 मध्ये जॉन लुईसचं दुकान आलं. 1900 मध्ये रस्त्याखालून भुयारी रेल्वे धावू लागली, एवढ्याशा अंतरात चार स्टेशनं. सेल्फ्रिजेस हे भव्य दुकान उघडलं 1909 मध्ये. हा क्रम पुण्यातल्या वादात कुणी सांगत नाही. रेल्वे आधी आली, भव्य दुकान नंतर. पुण्यात मंडई आणि कसबा पेठ ही मेट्रो स्टेशनं सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हा सव्वाशे वर्षांचं हे अंतर धरूनच तुलना करावी.

1972 पासून ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दिवसा खासगी मोटारींना बंदी आली, बस आणि टॅक्सी राहिल्या. परिणाम असा की बसमागे बस लागून लाल भिंतच उभी राहिली. 2009 मध्ये ऑक्सफर्ड सर्कसला चारही बाजूंची वाहनं एकदम थांबवून चौक तिरका ओलांडायची सोय केली, ती चांगली चालली. सगळा रस्ता मोकळा करायचा बेत मात्र जून 2018 मध्ये वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, सोडून दिला. आसपासच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना भीती होती की हटवलेली वाहनं आपल्या दारात येतील. 2024 मध्ये महापौरांनी तो बेत पुन्हा हाती घेतला, तोही त्यासाठी वेगळं महामंडळ नेमायचं ठरवून.

शिवाय बाजार मोडायला गाड्यांचंच कारण लागतं असं नाही. करोनाच्या काळात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची डेबनहॅम्स, टॉपशॉप अशी मोठी दुकानं बंद पडली आणि आसपासच्या गाळ्यांत अमेरिकन गोळ्या-चॉकलेटांची दुकानं उगवली. गाळा रिकामा राहिला तर तीन महिन्यांनी बिझनेस रेट्स, म्हणजे आपल्या मिळकतकराचा व्यापारी भाऊ, मालकाला भरावा लागतो. भाडेकरू बसवला की तो बोजा त्याच्यावर जातो, मग भाडं किरकोळ का असेना. पुढे ती भाडेकरू कंपनीच गुंडाळली गेली की कौन्सिल हात चोळत बसतं.

लक्ष्मी रोडला ही भीती कमी आहे. इथे अजून बरेच मालक स्वतः गल्ल्यावर बसतात. आणि हा रस्ता एकट्याच्या बळावर चालत नाही, त्याच्या पोटगल्ल्या त्याला पोसतात: सोन्या मारुती चौकाकडे सराफ, कुंटे चौकात साड्या, तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकचं सामान, बोहरी आळीत हार्डवेअर, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं. एका फेरीत चार खरेद्या होतात आणि त्या पायीच होतात. तुळशीबागेच्या बोळांत चारचाकी शिरत नाही, तरी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. ‘गाडी नाही तर गिऱ्हाईक नाही’ याला उत्तर लंडनहून आणायची गरज नाही, ते हाकेच्या अंतरावर आहे.

(बाजारावरची भांडणं पुण्याला नवी नाहीत. शनिवारवाड्यासमोरचा भाजीबाजार हलवण्यासाठी 1886 मध्ये रे मार्केट उभं राहिलं. त्या खर्चाला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे वळवा म्हणून. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे.)

व्यापाऱ्यांची खरी अडचण गिऱ्हाइकाची नाही, मालाची आहे, आणि ती दोन्ही बाजू नीट मांडत नाहीत. ऑक्सफर्ड स्ट्रीटची मोठी दुकानं माल मागच्या रस्त्यांवरून आत घेतात. लक्ष्मी रोडच्या बहुतेक दुकानांना मागचा दरवाजाच नाही. दुकानामागे वाडा, वाड्यामागे दुसऱ्याची भिंत. कापडाचे गठ्ठे, खोकी, कपाटं, सगळं पुढच्या दारातून. टेम्पो दारात लागतो, हमाल एकेक गठ्ठा पाठीवर घेऊन माळ्यावर चढवतो, तोवर मागची रांग हॉर्न वाजवत उभी. रस्ता पायी केला म्हणून हा टेम्पो नाहीसा होत नाही. तो बाजीराव रस्त्याच्या तोंडाशी नाहीतर कुमठेकर रस्त्यावर जाऊन उभा राहतो. लंडनचा बेत 2018 मध्ये याच जातीच्या भीतीपायी अडला.

यावर वेळ वाटून घेणं हाच उपाय दिसतो. सकाळी साडेदहापर्यंत माल, नंतर माणसं. एक ते चारच्या झोपेवरून पुणेकरांची भरपूर टिंगल झाली. आता बरीच दुकानं दुपारी उघडी असली तरी त्या वेळेला गिऱ्हाईक पातळच असतं. तेव्हा दोन ते साडेतीन ही मालाची दुसरी खिडकी ठेवता येईल. अधल्यामधल्या पार्सलांसाठी चौकाच्या टोकाला टेम्पो थांबवून पुढे हातगाडी.

आता पार्किंग. दहा मीटर दर्शनी भागासमोर दुचाक्या रस्त्याला काटकोनात लावल्या तर बारा-तेरा मावतात. प्रत्येकीला रस्त्याचे दोन मीटर, वर मागे घेऊन वळवायला मीटरभर. एक लेन गेलीच. त्यातली जी गाडी दुकानातल्या माणसाची असते, ती साडेदहाला लागते आणि रात्री साडेआठला निघते. त्या दहा तासांत तिच्या जागेवर पाऊण-पाऊण तासाची तेरा गिऱ्हाइकं येऊन गेली असती. तेव्हा जागा नाही म्हणून ओरडण्याआधी आपल्याच काउंटरवरच्या किल्ल्या मोजाव्यात. मंडईजवळचे मिनर्व्हा आणि आर्यन वाहनतळ, नारायण पेठेतला हमालवाडा, इथे नोकरमाणसांना स्वस्त मासिक पास दिला तर पहिल्याच आठवड्यात रस्ता रुंद वाटू लागेल.

रस्ता आणि फुटपाथ एका पातळीत आणायचे तर फरशीच्या रंगाआधी तीन गोष्टी कागदावर याव्यात. एक, अग्निशमनाच्या बंबासाठी सलग मोकळा पट्टा. ब्रिटनमध्ये त्याची किमान रुंदी 3.7 मीटर धरतात. त्यात कुंडी, बाक, पथारी, गणपतीच्या दिवसांतला मांडव, काहीही येता कामा नये. दुसरी, पाणी. फुटपाथची कड गेली की पावसाचं पाणी थेट दुकानाच्या उंबऱ्याशी येतं. म्हणून उतार मधल्या नालीकडे द्यावा लागतो, साधारण 40 मीटरला 1 मीटर. त्याहून सपाट केलं तर जुलैत डबकी आणि फार तिरकं केलं तर म्हाताऱ्यांचे घोटे. तिसरी, केबल आणि जलवाहिन्या यांच्यासाठी आधीच चर ठेवणं. नाहीतर सहा महिन्यांत फरशी उखडते आणि वर डांबराचं ठिगळ बसतं.

बस पूर्ण काढू नये. वरच्या मजल्यांवर अजून माणसं राहतात, त्यांत वयस्कर खूप. 2021 मध्ये पीएमपीने, म्हणजे शहराच्या बससेवेने, दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी ‘पुण्यदशम’ काढली होती. तशी लहान बस माणसाच्या चालीने त्याच 3.7 मीटरच्या पट्ट्यातून जाऊ शकते. बंब आला तर तिला बाजूला होता आलं पाहिजे, एवढं पाहून थांबे आखावेत.

पुढचा पादचारी दिन एका दिवसाचा न ठेवता सलग दोन आठवडे करावा, आणि तो लग्नसराईतच, माल भरपूर उतरत असताना. फुगे आणि रांगोळ्या नसल्या तरी चालतील. साडेदहाच्या आत किती टेम्पो रिकामे झाले, किती बाजीराव रस्त्यावर अडकले आणि कुमठेकर रस्त्यावरची रांग कुठवर गेली, हे रोज लिहून चौकातल्या फळ्यावर लावावं.