आमच्या बागेला कूळ लागलं

नाशिकमध्ये ‘मी घरच्या बागेतल्या वन्यजीवांचे फोटो काढते’ असं सांगायची सोय नाही. समोरचा हातातला कप खाली ठेवतो आणि डोळे मोठे करून विचारतो, “बिबट्या आला होता?” त्याचंही काही चुकत नाही. एकीकडे उसाचे फड, दुसरीकडे गोदाकाठची झाडी. गंगापूर रोडला कुणाच्या आवारात बिबट्या शिरला, कुणाच्या कुत्र्यामागे धावला, असले सीसीटीव्हीचे व्हिडिओ आमच्या मोबाइलवर अधूनमधून येतच असतात. माझे वन्यजीव म्हणजे शिंजीर, बुलबुल, सरडे आणि लिंबावरच्या अळ्या. हे ऐकलं की कप पुन्हा उचलला जातो आणि विषय कांद्याच्या भावाकडे वळतो.

लेन्स नवऱ्याने घेऊन दिली. १५० ते ६०० मिलिमीटरची, दोन किलोच्या आसपास वजनाची. त्यात त्याचा स्वार्थ होता. रविवारी पहाटे मी नांदूरमध्यमेश्वरला जाईन, तिथे बदकं मोजत बसेन आणि तो दहापर्यंत लोळेल, असा त्याचा हिशेब. नांदूरमध्यमेश्वर म्हणजे काही साधीसुधी जागा नव्हे. २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली ती हीच. हिवाळ्यात तिथे कुठून कुठून पाहुणे उतरतात. पण आठवडाभर सकाळच्या शाळेसाठी साडेपाचला उठणारी बाई रविवारी चारला उठेल, हे गणित ज्याने मांडलं त्याच्याबद्दल काय बोलावं? मी घरामागची बाग धरली.

बाग आपलं म्हणायला. रो-हाउस बांधून उरलेली ती पट्टी आहे. तीत एक लिंबू, एक कढीपत्ता, पपई, जास्वंद, पाण्याची मोटर आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची तार. त्यात आमच्या लेन्सचा नियम असा, की साधारण पावणेतीन मीटरच्या आतल्या गोष्टीवर तिचा फोकसच लागत नाही. बाकीच्यांची रड असते, पक्षी लांब बसला. माझी रड, मेला जवळ येऊन बसला. जास्वंदीवर शिंजीर आला की मी पुढे न जाता मागे सरकते. ओटा ओलांडायचा, जेवणाच्या टेबलाला वळसा घालायचा आणि हॉलमध्ये देवघराला पाठ लावून उभं राहायचं, तेव्हा कुठे मागच्या दाराच्या चौकटीतून जास्वंद नीट दिसते. मध्ये सासूबाई भाजी निवडत बसलेल्या असतात.

“आई, जरा वाकता का?”

“अगं, गुडघ्यांपायी देवापुढे वाकणं सोडलं मी. आता त्या चिमणीपुढे वाकू?”

त्या वाकत नाहीतच. त्यामुळे माझ्या बऱ्याच फोटोंत खाली डाव्या कोपऱ्यात एक पांढुरका धूसर ढग आहे. तो ढग नव्हे, सासूबाईंचा अंबाडा आहे.

अंबाडा कातरून टाकता येतो, मागचा लेंगा नाही. शिंजीर जास्वंदीच्या देठाशी चोच खुपसतो, ऊन असं पडतं की त्याचा काळा रंग जांभळा-निळा झळाळतो, शटर दोन हजाराला लावलेलं असतं, सगळं जुळून येतं. आणि पाठीमागे तारेवर नवऱ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. ऑटोफोकसला जिवंत पाखरापेक्षा पट्टे जास्त भावतात. माझ्याकडे त्या लेंग्याचे इतके स्वच्छ फोटो आहेत की शिलाईचा टाका न् टाका मोजावा. शेवटी मी फर्मान काढलं: सकाळी दहापर्यंत तारेवर कपडे घालायचे नाहीत.

इथून आमच्या घराचे ग्रह फिरले. मार्चमध्ये तार जरा मोकळी राहिली आणि शिंजिरीण ती धरून बसली. या जातीत घरटं बांधते एकटी मादी. नर शेजारच्या पपईवर बसून गातो. (“आमच्यातबी हेच,” धुण्याभांड्याच्या मावशी म्हणाल्या आणि बादली घेऊन निघून गेल्या.) आधी तिने कोळ्याची जाळी आणून तारेला गुंडाळली. त्याला वाळकी साल, गवत आणि आमच्या फरशी पुसायच्या फडक्याचे दोरे लटकवले. मग पोट फुगवून फुगवून आतून जागा केली. बाजूने गोल दार, दारावर पाऊस अडवायला पुढे आलेली एवढीशी पडवी. पडवी आम्हाला बिल्डरनेसुद्धा दिलेली नाही. तळाशी शोभेला तिने औषधाच्या दुकानातल्या बिलाचा कपटा चिकटवला होता. त्यावर सासूबाईंच्या कॅल्शियमच्या गोळ्यांचं नाव वाचता येत होतं.

नवरा बनियनवर मागच्या दारात आला, तारेकडे पाहिलं आणि खोल आवाजात म्हणाला, “कूळ लागलं.”

त्याच्या घराण्यात हा शब्द कुणी हलक्यात घेत नाही. आजोबांची निफाडकडची जमीन कुळकायद्यात, म्हणजे ती कसणाऱ्या कुळाकडे, गेली. १ एप्रिल १९५७ ही तारीख सासूबाईंना नातवंडांच्या वाढदिवसांच्या आधी आठवते, आणि त्या लग्न होऊन आल्या त्याच्या कितीतरी नंतर. “तेव्हा निदान कसेल त्याची जमीन होतं,” नवरा म्हणाला, “इथे नुसतं बसेल त्याची तार!” ओले कपडे तेव्हापासून घरात खुर्च्यांवर वाळू लागले. पाहुण्यांना बसायचं तर आधी टॉवेल उचलावा लागे.

तुम्ही म्हणाल, निदान फोटो तरी मिळाले असतील. हीच तर गोम आहे. पक्षी एका जागी निवांत बसतो तो घरट्यातच, आणि घरट्यातल्या पक्ष्याचा फोटो काढायचा नाही असा जाणत्या पक्षीमित्रांचा दंडक आहे. बऱ्याच स्पर्धांत असा फोटो घेतच नाहीत. कारणही रास्त आहे. माणूस घुटमळायला लागला की मादी बिचकून अंडी सोडते, आणि आपण टक लावून कुठे बघतो आहोत हे वरून कावळा बघत असतो. म्हणजे तार गेली, खुर्च्या गेल्या, आणि लेन्सला टोपी. मी दारामागे उभी राहून नुसती बघत असे. बाप लेकरांना भरवायला मात्र येतो हो. मावशींना तेही दाखवलं. त्या म्हणाल्या, “दोन दिवस करंल.”

शिंजीरांनी शेजारीपाजारी सांगितलं असावं. मे महिन्यात लालबुड्या बुलबुलाने पुढच्या दारावरची मधुमालती घेतली, तीही बेलच्या बटणापासून हातभर अंतरावर. अंडी उबायला दोन आठवडे, त्यानंतर पिल्लं उडेपर्यंत जवळपास तेवढेच. पावसाळ्याच्या तोंडावर घर रंगवायचं ठरलं होतं, ॲडव्हान्स गेलेला. रंगाऱ्याला फोन करून पुढची तारीख दिली. बेलवर चिकटपट्टी लावली आणि फाटकाला पाटी अडकवली: ‘कृपया मागच्या दाराने यावे. आत बुलबुल आहे.’ कुरिअरवाला रस्त्यावरूनच ओरडला, “मॅडम, बांधलाय का? चावतो का?”

मागच्या दाराने यायचं म्हणजे तारेखालून यायचं, आणि तिथे शिंजीरांचा दुसरा संसार सुरू झालेला. तेव्हा आमचे व्याही, सोसायटीचे चेअरमन, गॅस सिलिंडरवाला, सगळे त्या दिवसांत आमच्याकडे वाकून आले. एक सासूबाई सोडून. त्या घराबाहेरच पडल्या नाहीत.

घरातला खरा कलह पेटला तो भारद्वाजावरून. एके सकाळी तो कुंपणावर येऊन बसला. तांबूस पंख, काळंभोर अंग आणि गुंजेच्या रंगाचे डोळे. सासूबाईंनी खिडकीतूनच हात जोडले. “दर्शन झालं बाई. दिवस चांगला जाणार.” आता भारद्वाज शुभ खरा, पण तो गोगलगाई आणि पाली खातो तशी दुसऱ्यांची अंडी-पिल्लंही खातो, आणि त्या क्षणी त्याची नजर मधुमालतीकडे होती. मी टाळ्या वाजवत, ‘हुश्श हुश्श’ करत धावले. दारी आलेला शकुन सुनेने हाकलला! ही बातमी दुपारपर्यंत निफाडला पोचली होती. नणंदेचा फोन आला, “वहिनी, सगळं ठीक आहे ना तुमच्यात?”

जूनमध्ये अळ्या आल्या. लिंबाळी फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेते, त्यामुळे कुणी तिच्या वाटेला जात नाही. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं काढून असा काही वास सोडते की पुन्हा बोट लावू नये. खाते लिंबू आणि कढीपत्ता. आमच्याकडे दोन्ही. फोडणी तडतडत असताना सासूबाई मागे गेल्या आणि काड्या घेऊन परतल्या. “पानं तुझ्या लेकरांनी खाल्ली,” एवढंच म्हणाल्या, आणि आमटी जळक्या मोहरीची झाली. आयुष्यभर भाजीवालीकडून ‘वर’ मागून घेतलेला कढीपत्ता त्यांनी त्या महिन्यात रोख पैसे मोजून आणला. ते दुःख मी वर्णन करू शकत नाही.

अळ्यांचे फोटो मात्र भरपूर मिळाले. अळी पळत नाही, आणि तिला मोबाइल पुरतो. दोन किलोची लेन्स आणि तिचे हप्ते खिडकीशी उभे होते. कोष करायची वेळ झाली की अळी झाड सोडून जागा शोधत फिरते. त्यातली एक भिंत चढून मोटरच्या स्विचवर गेली, पोटाभोवती रेशमाचा पट्टा आवळला आणि झोपली. आठवडाभर नवरा रोज सकाळी चष्मा लावून, श्वास रोखून, पेन्सिलीच्या टोकाने मोटर सुरू करत होता. हात थरथरला तर काय, या भीतीने तो त्या दिवसांत आधी चहासुद्धा घेत नसे.

आणि मग बिबट्या आला. म्हणजे शेजारच्यांच्या फाटकावरच्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यात रात्री दोन वाजता आमच्या मागच्या भिंतीवरून काहीतरी लांब शेपटीचं चालत गेलं. सकाळी सातच्या आत कॉलनीच्या ग्रुपवर तो ‘बिबट्याचा बछडा’ झाला, आठला ‘म्हणजे आईही जवळपास असणार’ झालं. कचऱ्याच्या पिशव्या दारातच राहिल्या, फिरायला जाणाऱ्यांनी गच्चीत येरझाऱ्या घातल्या. मी भिंतीवर चढून पाहिलं. पपईच्या बियांनी भरलेली विष्ठा होती, आणि आमची पिकायला आलेली पपई अर्धी गायब. उदमांजर! फळांचं शौकीन, माणसाच्या वाटेला न जाणारं. फोटोसकट सविस्तर लिहून ग्रुपवर टाकलं. वाटलं, लोक सुटकेचा निःश्वास टाकतील. पण लोक हिरमुसले. एका आजोबांनी तर बिबट्या आल्याचं मुलाला अमेरिकेत कळवून टाकलं होतं. त्या दिवसापासून ग्रुपवर माझ्या ‘शुभ सकाळ’ला कुणी अंगठाही देत नाही. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्याला मात्र वन्यजीव छायाचित्रकाराचा मान आहे.

पुढे भाचीच्या लग्नासाठी आम्ही सगळे मुंबईला गेलो. कॅमेरा तिवईवर तसाच खिडकीशी ठेवला होता, लेन्सच्या तोंडाला पुढचं काळं नळकांडं लावलेलं, खिडकी बोटभर उघडी. परत आलो तर बुलबुलांचं घरटं रिकामं, तारेवरचंही रिकामं, कोष फुटलेला. नवऱ्याने त्याच पावली रंगाऱ्याला बोलावलं आणि ट्रॉली, डबे, शिडी घेऊन तो हजर झाला. खोली रिकामी करायची म्हणून नवऱ्याने कॅमेरा उचलला. कुठूनतरी बारीक कमरेची काळी-पिवळी माशी घोंघावत आली आणि थेट लेन्सच्या नळकांड्यात शिरली.

नवऱ्याने आत डोकावून पाहिलं. मग दोन्ही हातांनी, अगदी जपून, कॅमेरा होता तिथे परत ठेवला.

कुंभारीण. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून आणते, तिची कोठी करते, तीत अंडं घालते, नांगी मारून बधिर केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते. पिल्लू बाहेर येईपर्यंत त्या अळ्या त्याची शिदोरी. दोन कोठ्या पुऱ्या झाल्या होत्या, तिसरीचा काठ अजून ओला होता.

“हिला हलवायचं नाही हं,” नवरा मला म्हणाला. मला! “आणि खिडकी उघडी राहू दे. तिला यायला-जायला लागेल.”

“बघ,” सासूबाई म्हणाल्या, “लेन्स कुणाच्या नावावर आहे, तेवढं विचारून ठेव.”

रंगारी पुढे झाला. एक डोळा मिटून त्याने बराच वेळ आत पाहिलं. ब्रशचा दांडा उलटा धरून, न टेकवता, त्याने त्या काठाची गोलाई हवेतच मोजली.

“मातीचं काम बघा साहेब,” तो म्हणाला. “फिनिशिंग बघा. आमच्या पोरांना सांगून सांगून थकलो, असा हात येत नाही.” आणि ॲडव्हान्सचा विषय न काढता तो शिडी भिंतीला टेकवून चहाची वाट बघत बसला.