सातव्या नंबरचा हुशार

काल संध्याकाळी रंकाळ्यावर माझ्या कुत्र्यानं चारचौघांत माझी लाज काढली. राग अजून पुरता गेलेला नाही. माझा. त्याचं झकास चाललंय.

ब्रूनो लॅब्राडोर आहे. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञानं १९९४ साली कुत्र्यांच्या जातींची हुशारीनुसार क्रमवारी लावली, तीत लॅब्राडोर सातवा. हे मी आल्यागेल्याला इतक्यांदा ऐकवलंय, की हल्ली बायकोच चहा ठेवता ठेवता उरकून टाकते. काल भेळेच्या गाड्यांपाशी कठड्यावर एक गवळीमामा बसले होते. शेजारी बुलेट, तिला दोन रिकाम्या किटल्या.

"खातंय काय ह्ये?"

मी खाण्याचं नाव आणि पोत्याची किंमत सांगितली.

"आणि दूध किती देतंय?"

मी सातवा नंबर काढला.

"पयला कोण?"

"बॉर्डर कॉली. मेंढ्या राखतं ते."

"मग त्येच आणायचं की ओ. ह्ये काय राखतंय?"

ब्रूनो तेव्हा भेळवाल्याचा डबा राखत होता.

"बसतंय तरी का?"

मी ताठ झालो. "ब्रूनो, सिट!" ब्रूनोनं रंकाळ्याकडं पाहिलं. "सिट!" त्यानं पलीकडच्या काठाकडं पाहिलं. तिसऱ्या खेपेला माझा आवाज चिरकला आणि भेळवाल्यानं कांदा चिरायचा थांबवला.

"आमची म्हैस बघा पाडव्याला," मामा म्हणाले. "शिंगं रंगवून, सायलेन्सर काढलेल्या गाडीमागनं पळतीया. एवढी गर्दी, हलगी, तरी हाक मारली की थांबतीया. तिला कुणी नंबर दिलाय व्हय?"

यावर काय बोलणार? दर पाडव्याला मीच ते बघायला जातो, मोबाइलवर शूटिंगही करतो. मामा ब्रूनोकडं वळले. "बस की रं गप."

ब्रूनो बसला. वर पंजाही दिला, जो कुणी मागितला नव्हता.

दुधाचा वास असेल हाताला, असं मी तिथंच जाहीर केलं. कुणी ऐकलं नाही. मला खरा सल आहे तो आठ हजारांचा. दहा दिवसांच्या शिकवणीचे मोजलेत. हुकूम इंग्रजीतच द्यायचे, मराठीनं कुत्रं गोंधळतं, असं ट्रेनरनं बजावलं होतं. शेवटच्या दिवशी म्हणाला, "कुत्रा तयार आहे, तुमचंच अजून कच्चं आहे." हे आठ हजार घेण्याआधी सांगायला काय झालं होतं?

आणि कोरेन साहेबांची हुशारी म्हणजे तरी काय, तर मुख्यतः आज्ञापालन. वरच्या दहा जाती पहिल्याच हुकमाला निदान ९५ टक्के वेळा ऐकतात म्हणे. उरलेले पाच टक्के सगळे माझ्या वाट्याला आलेत. अफगाण हाउंड ऐकत नाही, म्हणून बिचारं यादीत शेवटी. या हिशेबानं आमच्या घरात सगळ्यात हुशार मीच.

घरी येऊन ब्रूनोला चांगला झापला. त्यानं कान पाडले, मान खाली, डोळे वर. हा चेहरा पश्चात्तापाचा नसतो, मालक ओरडतोय एवढ्यापुरता असतो, हे अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रयोग करून दाखवलंय. मला ते पाठ आहे. तरी बिस्कीट दिलं.

दोन दिली.